कार्स्ट म्हणजे चुनखडकाच्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब: जंगल, मका की पडीक, नेमका फरक कशाने पडतो?

मातीची_लेक

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मृदशास्त्र. पुढच्या महिन्यात सेमिनार आहे आणि विषय मीच मागून घेतलाय, चुनखडकाच्या प्रदेशात जमिनीचा वापर बदलला की मातीतल्या कर्बाचं काय होतं. वाचायला मिळतंय ते बहुतेक नैऋत्य चीनचं, म्हणजे ग्वेइचौ, ग्वांगशी आणि युन्नान हे प्रांत, तिथे सुमारे ५ लाख चौ.किमी. एवढा चुनखडकाचा पट्टा सलग पसरलाय (आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाखाच्या थोडा वर).

आता अडचण अशी की वाचलेलं एकमेकांशी जुळत नाहीये. एकीकडे जुन्या जंगलातल्या मातीत सेंद्रिय कर्ब ५-६ टक्के, काही ठिकाणी त्याहूनही वर, आणि तेच जंगल तोडून मका लावला की दीड-दोन टक्क्यांवर. आपल्याकडे मृदा परीक्षणाच्या रिपोर्टवर १ च्या वर गेलं तरी 'अत्यंत जास्त' लिहून येतं, त्यामुळे मला तर तिथला मकाही श्रीमंतच वाटला. पण तेच लोक पुढे म्हणतात की या प्रदेशात हेक्टरी साठा कमी आहे. हे कसं काय?

दुसरं म्हणजे कॅल्शियम सेंद्रिय कर्बाला धरून ठेवतं असं सगळीकडे लिहिलंय, मग नांगर फिरल्यावर तो इतक्या पटकन का जातो?

आणि तिसरं, पुन्हा कर्ब वाढवायचा तर झाडं लावावीत की जमीन नुसती सोडून द्यावी? सर हे विचारणारच. शिवाय आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीशी याचा काय संबंध हेही विचारतील. कुणी यात काम केलेलं असेल तर प्लीज सांगा.

दगडमाती

विषय छान घेतलास. मी ग्वांगशीत पोस्टडॉकला होतो, हेच काम होतं, त्यामुळे जरा लांब लिहितोय, चहा घेऊन बस.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे. टक्केवारी म्हणजे साठा नव्हे. साठा काढताना कर्बाची टक्केवारी गुणिले मातीची घनता गुणिले खोली असं करतो ना, टक्के × घनता × सेंमी केलं की थेट हेक्टरी टन येतात. समजा जंगलातली माती, ५ टक्के कर्ब, घनता १ (ग्रॅम प्रति घन सेंमी), खोली २० सेंमी. आले १०० टन. बघायला भारी. पण तिथे प्रत्यक्ष जमिनीवर उभं राहिलं तर शंभरातला साठ भाग उघडा खडक आहे आणि माती फक्त खडकांच्या मधल्या खाचांमध्ये, कपारींमध्ये. म्हणजे १०० चे झाले ४०. त्या मातीतसुद्धा पाव भाग दगडगोटे असले तर ३०. आता आपली विदर्भातली खोल काळी जमीन घे, अर्धा टक्काच कर्ब धर, घनता १.३, खोली १ मीटर. ६५ टन! हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, कुठल्या एका प्लॉटचे नाहीत, पण गोष्ट अशीच घडते. चुनखडकावरची माती सुपीक, अगदी काळीभोर, हातात घेतली की रवाळ, पण आहेच किती? हा दगडांचा हिशोब न करता काढलेले साठे मी बघितलेत आणि ते दुपटी-तिपटीने फुगलेले असतात. सेमिनारमध्ये एकच स्लाइड जीव लावून करायची तर ही कर.

माती इतकी कमी का, तर चुनखडक पाण्यात विरघळून वाहून जातो आणि मागे जो न विरघळणारा गाळ उरतो त्याचीच माती बनते. शुद्ध चुनखडकात हा गाळ फार थोडा, बऱ्याचदा ५ टक्क्यांच्याही आत. त्यामुळे एक सेंमी माती बनायला हजारो वर्षं लागतात. आपल्या बेसॉल्टवर कसं, वर माती, खाली मुरूम, मग खडक, मधे कुजलेल्या दगडाचा थर असतोच. तिथे तो मधला थर जवळपास नसतोच, माती थेट गुळगुळीत खडकावर बसलेली, पकड कमी, आणि खडकाला भेगा. पाऊस वर्षाला ११००-१३०० मिमी. म्हणून माती उतारावरून वाहून जाते ती जातेच पण भेगांमधून खालीही उतरते, गुहांमध्ये जाते. तुमचा बांध, समतल चर या खाली जाणाऱ्या मातीला अडवू शकत नाही.

आता कॅल्शियम. ते खरंच धरून ठेवतं. चिकणमातीचे कण आणि ह्यूमस (पूर्ण कुजलेला सेंद्रिय भाग) दोन्हींवर ऋण भार, कॅल्शियमवर दोन धन भार, त्यामुळे ते दोघांना एकत्र बांधतं आणि त्यातून मातीचे घट्ट बारीक गोळे तयार होतात, आतला कर्ब जिवाणूंना सहज मिळत नाही. पण जंगलातल्या त्या ५-६ टक्क्यांतला सगळाच कर्ब असा बांधलेला नसतो हे लक्षात घे. बराचसा अर्धवट कुजलेला पालापाचोळा, मुळांचे तुकडे, आणि मोठ्या गोळ्यांच्या आत अडकलेला असतो. नांगरट केली की मोठे गोळे फुटतात, हवा आत जाते, ऊन लागतं, आणि वरून नवा पाचोळा येणं बंद. हा भाग पहिल्या काही वर्षांतच उडतो. मागे जो उरतो तो कॅल्शियमने आणि चिकणमातीने धरलेला, म्हणून मक्याखाली वर्षानुवर्षं ठेवूनही टक्केवारी शून्याकडे जात नाही, दीड-दोनवर बरीच वर्षं टिकते. म्हणजे तू वाचलेल्या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत, त्या कर्बाच्या दोन वेगळ्या भागांबद्दल आहेत.

माझ्या मते या सगळ्या विषयात जिवाला लागणारी गोष्ट ही की उडालेला कर्ब परत येऊ शकतो, गेलेली माती नाही. १९५८ च्या सुमारास तिथे लोखंड वितळवायच्या भट्ट्यांसाठी प्रचंड तोड झाली, मग वाढत्या लोकसंख्येला मका पिकवायला तीव्र उतारांवर नांगर गेला, आणि काही डोंगरांवर आज नुसता पांढरा-करडा दगड आहे. तिथे कर्ब वाढवायचा तर कशात वाढवणार? सरकारी मोजणीत असं उघडं पडलेलं क्षेत्र २०११ मध्ये सुमारे १.२ कोटी हेक्टर होतं, २०१६ पर्यंत ते सुमारे १ कोटीवर आलं. म्हणजे सुधारणा नक्की झाली, तिसऱ्या प्रश्नाचं उद्या लिहितो.

कोरपना_७२

वाचून राहिलो, लई चांगली माहिती भाऊ. आमच्या इकडं कोरपना, राजुरा, वणी सगळीकडं सिमेंट फॅक्टऱ्या, म्हणजे खाली चुनखडकच. माझ्या वावरात माती परीक्षणाच्या रिपोर्टात मुक्त चुना जास्त आला, सोयाबीनवर दरवर्षी केवडा पडते (लोह कमी पडून पानं पिवळी होते), हिराकस म्हणजे लोहाचं खत शेणखतात मुरवून टाकतो तवा कुठं हिरवं होते. ॲसिड टाकलं का माती फसफसते. तर मग आमची जमीन पण कार्स्ट म्हणावी का? आणि कर्ब क्रेडिटवाले (मातीत कर्ब साठवला का पैसे देतो म्हणणारे) गावात येऊन गेले, ते म्हणे चुना म्हणजे पण कार्बनच हाय, तुमच्या जमिनीत आधीच भरपूर हाय. खरं काय ते सांगा.

लॅबवाली_मावशी

कोरपनाचे भाऊ, मातीच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेलीत म्हणून याचं उत्तर मी देते.

चुन्यात कार्बन असतो हे खरं, पण तो सेंद्रिय नाही. कॅल्शियम कार्बोनेट, त्यातला १२ टक्के कार्बन. तो पिकाला अन्न देत नाही, पाणी धरत नाही, जिवाणू त्यावर जगत नाहीत. क्रेडिट मातीत कर्ब किती *वाढला* त्यावर असतं, आधीपासून पडलेल्या चुन्यावर नाही. कुणी तसं सांगत असेल तर सही करू नका, आधी कागद नीट वाचून घ्या.

तुमची जमीन कार्स्ट आहे का? पैनगंगेच्या पट्ट्यात खाली चुनखडक आहे, खूप जुना आहे, पण त्या भागातल्या बऱ्याच वावरांची काळी माती ही बेसॉल्टपासून आलेली आणि तिच्यातले चुनखडीचे खडे हे मातीतच तयार झालेले असतात. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, कॅल्शियम आणि बायकार्बोनेटचं पाणी आटतं आणि खडा बसतो. म्हणजे ग्वेइचौमध्ये चुना विरघळून चाललाय आणि तुमच्याकडे मातीत साठतोय, अगदी उलट दिशा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेने यावर खूप काम केलंय, चुना असा खाली बसत गेला की मातीत सोडियमचं प्रमाण वाढत जातं, खालचा थर घट्ट होतो, पाणी मुरत नाही. पूर्णा खोऱ्यात हे ठळक दिसतं. म्हणून चुना वाढला ही आनंदाची बातमी नाहीच. सेंद्रिय खत, हिरवळीचं खत, मुळांचा श्वास, यांनी तो चुना थोडा थोडा विरघळतो आणि कॅल्शियम पुन्हा कामाला येतं.

आणि मातीची लेक, तुझ्यासाठी एक महत्त्वाचं. तू वेगवेगळ्या पेपरचे आकडे शेजारी ठेवतेयस, तर पद्धत बघितलीस का? आपल्याकडे कर्ब मोजायला वॉकली-ब्लॅक पद्धत, डायक्रोमेट हे रसायन वापरणारी. ती चुन्याला हात लावत नाही हे चांगलं, पण सेंद्रिय कर्बसुद्धा सगळा पकडत नाही, साधारण तीन चतुर्थांश, म्हणून १.३ ने गुणतात. कोरडं ज्वलन करणारं मशीन असेल तर ते चुन्याचाही कार्बन मोजतं, म्हणून आधी ॲसिडने चुना काढावा लागतो. चुनखडकाच्या भागात नमुन्यात खडकाचा एक बारीक चुरा जरी राहिला आणि ॲसिड केलं नसेल तर सेंद्रिय कर्ब दुप्पट दिसू शकतो. उलट ॲसिडने धुतलं की विरघळणारा थोडा सेंद्रिय कर्बही पाण्याबरोबर जातो, त्यापेक्षा ॲसिडच्या वाफेत ठेवणं बरं. गंमत म्हणजे चुनखडकावरची माती स्वतः फसफसतेच असं नाही, बऱ्याच ठिकाणी पावसाने चुना धुऊन गेलेला असतो, फसफसतो तो दगडाचा कण.

त्रिएस्तकर

मी गेली काही वर्षं इटलीत त्रिएस्तला आहे, भौतिकशास्त्राच्या कामासाठी, माती हा माझा विषय नाही, पण घरामागून चढ चढलं की जे पठार लागतं तोच मूळचा कार्स्ट, स्लोव्हेनियन लोक क्रास म्हणतात, याच्यावरूनच जगभरच्या अशा जमिनींना हे नाव पडलं. आणि इथली गोष्ट तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला लागू आहे म्हणून लिहितोय.

शतकानुशतकं तोड आणि मेंढ्या-बकऱ्यांची चराई, त्यात इथला बोरा नावाचा वारा, हिवाळ्यात माणूस उभा राहू शकत नाही असा, त्याने उघडी माती उडवून नेली. एकोणिसाव्या शतकात हे पठार म्हणजे दगडांचं माळरान होतं. १८५९ मध्ये बासोवित्सा गावाजवळ काळ्या पाइनची लागवड पहिल्यांदा यशस्वी झाली, मग मोठ्या प्रमाणावर पाइन लावले गेले. विसाव्या शतकात लोकांनी शेती आणि गुरं सोडली, शहरात नोकऱ्या धरल्या, आणि उरलेलं माळरान आपोआप झाडोऱ्याने भरलं. आज फिरताना विश्वास बसत नाही की इथे दगड होते.

पण पाइनखाली खणून बघा. वर सुयांचा जाड थर, हळू कुजणारा, आणि खाली मातीत मात्र फारसा बदल नाही. कर्ब आहे तो वरच्या थरात आणि लाकडात. जुलै २०२२ मध्ये मोठी आग लागली, स्लोव्हेनियाच्या इतिहासातली सर्वात मोठी, साडेतीन हजार हेक्टरच्या आसपास जळालं, पहिल्या महायुद्धातले न फुटलेले गोळे उष्णतेने फुटत होते त्यामुळे अग्निशमनवाल्यांना जवळही जाता येईना. मी धूर घराच्या गच्चीतून बघत होतो. झाडात आणि सुयांत साठवलेला कर्ब काही दिवसांत गेला. त्यामुळे कर्ब *कुठे* साठला हेही विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अजून एक बघण्यासारखं, इथे जमीन खचून झालेले वाटीसारखे खड्डे आहेत, डोलिना म्हणतात. सगळी माती वाहत तिथे जमते. जुने शेतकरी त्या खड्ड्यांतले दगड वेचून कडेला रचायचे आणि तळाशी बटाटा, कोबी लावायचे, वरच्या दगडांवर फक्त चराई. जिथे माती तिथेच नांगर.

दगडमाती

त्रिएस्तकर, फार महत्त्वाचं लिहिलंत, धन्यवाद. चीनमध्येही अगदी हेच आहे, डोंगरांच्या मधल्या सपाट खोलगट भागात माती जाड, तिथे भात-मका, आणि उतारांवर काही नाही. मावशींचं ॲसिडचं तर प्रत्येक विद्यार्थ्याने भिंतीवर लावावं.

तर तिसरा प्रश्न. चीनने १९९९ ला उतारावरची शेती सोडून जंगल-गवत करण्याची योजना काही प्रांतांत सुरू केली, २००२ पासून देशभर, शेतकऱ्याला आधी धान्य आणि पैसे, पुढे पैसे मिळायचे. २००८ पासून खास चुनखडकाच्या १०० तालुक्यांत वेगळा कार्यक्रम आला. २०१८ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त उपग्रहावरून केलेला अभ्यास आला, त्यात या भागातली हिरवाई आणि वनस्पतींमधला कर्ब स्पष्ट वाढलेला दिसला. पण उपग्रहाला झाडं दिसतात, माती नाही. मातीतला कर्ब पण वाढतोय, मात्र हळू. आधी गवत, मग झुडपं, मग दुय्यम जंगल असं चढत जातं आणि जुन्या जंगलाच्या पातळीला यायला कित्येक दशकं लागतात. ग्वेइचौमध्ये लिबो तालुक्यात माओलानचं जुनं जंगल टिकलंय (२००७ पासून युनेस्कोच्या यादीत), तुलनेसाठी सगळे तिथेच जातात, कारण 'पूर्ण भरलेली' माती कशी असते ते दाखवणाऱ्या जागा फार उरलेल्या नाहीत.

लावणं की सोडणं? माझं मत स्पष्ट आहे: खडकाच्या भेगांत जुनी मुळं जिवंत असतील तर सोडून द्या. ती फुटतात, झपाट्याने फुटतात, आणि माती हलवावी लागत नाही. लागवडीसाठी खड्डे घेतले, तण काढलं, दर काही वर्षांनी तोडलं, तर नांगरासारखंच काम होतं. ग्वांगशीत निलगिरी भरमसाट लावलीय, लाकूड वाढतं, मातीतला कर्ब त्या मानाने नाही. मुळं मेली असतील, नुसतं गवत असेल, तर मात्र मदत लागते, आणि सुरुवातीला नत्राची टंचाई असते म्हणून शेंगवर्गीय झाडं-गवतं उपयोगी पडतात.

पण मी हेही बघितलंय की शेतकऱ्याला उत्पन्न नसेल तर काही टिकत नाही. ग्वेइचौत ह्वाच्यांग खोऱ्यात लोकांनी दगडांच्या खाचांमध्ये सिचुआन मिरी लावली (आपल्या तिरफळाची सख्खी बहीण, वासावरूनच ओळखलं), ड्रॅगनफ्रूट लावलं. झाड एकदा लावलं की माती वर्षानुवर्षं हलत नाही आणि पैसेही येतात. जुन्या जंगलाएवढा कर्ब नाही साठणार, पण मक्यापेक्षा खूप बरं. आणि खरं सांगायचं तर हिरवाई वाढण्यात योजनेइतकाच वाटा तरुण पोरं ग्वांगतुंगच्या फॅक्टऱ्यांत निघून गेली याचाही आहे, सरपण तोडायला आणि उतार नांगरायला घरात माणूसच नाही राहिलं.

मातीची_लेक

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार!! एक शेवटचं विचारते. चुनखडक विरघळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, म्हणजे तो पण साठाच ना? जंगल वाढलं की तोही वाढतो असं एका ठिकाणी वाचलं. हे सेंद्रिय कर्बात मिळवायचं का?

दगडमाती

नाही, मिळवायचं नाही, वेगळं ठेव. मुळं आणि जिवाणूंच्या श्वासाने मातीत कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा कित्येक पट जास्त असतो, पाण्यात मिसळून आम्ल होतं, चुनखडक विरघळवतं आणि बायकार्बोनेट होऊन नदीत जातं. त्यातला निम्मा कार्बन मातीतल्या वायूचा, निम्मा खुद्द दगडाचा. म्हणजे जमा निम्मीच धरायची. शिवाय पुढे कुठे झऱ्यावर किंवा गुहेत चुना परत बसला की तो वायू पुन्हा सुटतो. जंगलाखाली पाण्यातलं बायकार्बोनेट वाढतं हे बरोबर, पण जंगल पाणीही जास्त पितं, त्यामुळे खाली झिरपणारं पाणी कमी होतं, आणि एकूण वहन म्हणजे या दोन्हींचा गुणाकार. ग्वेइचौत पुतिंगला यासाठी शेजारी शेजारी मोठे हौद बांधून नुसता दगड, उघडी माती, शेत, गवत, झुडूप असं ठेवून मोजणी करतात, तो प्रयोग नक्की वाच.

आणि शेतात युरिया टाकला की नत्राचं नायट्रिक आम्ल होतं, तेही दगड विरघळवतं, पण त्यात हवेतला वायू वापरला जात नाही. नदीत बायकार्बोनेट वाढलेलं दिसतं आणि माणसाला वाटतं साठवण वाढली. इथे भले भले फसतात.

लॅबवाली_मावशी

लेकी, स्लाइड करताना एक बघ. जंगलाची माती हलकी, शेताची दबलेली. दोन्हीकडे २० सेंमी खोली घेतलीस तर शेतात जास्त वजनाची माती मोजली जाते आणि शेताचा साठा उगाच मोठा दिसतो. समान खोलीऐवजी समान वजनाच्या मातीवर तुलना कर. दगडांचं आकारमान वेगळं काढ, पाण्यात बुडवून काढता येतं, खर्च काही नाही.

कोरपना_७२

मावशी, आभारी हाय. कागद वाचाले पोराले देतो. यंदा हिरवळीच्या खतासाठी ढैंचा पेरतो अन् फुलोऱ्याआधी गाडतो, मग पुढच्या वर्षी रिपोर्ट टाकतो इथं.